चालू गिरणीतली मान

गिरणीबाईंना हळू बोलताना गल्लीत कुणी ऐकलेलं नाही. त्यात भांडखोरपणा होताच, नाही असं नाही, पण धंद्याचा वाटा मोठा होता. पट्ट्याशेजारी आयुष्य काढलं की कान अर्धे होतात आणि आवाज दुप्पट. बाई कुणाला प्रेमानं "बस, चहा घे" म्हणाल्या, तरी समोरच्या घरातला माणूस दचकून उभा राहायचा. भुवयांवर पीठ, पापण्यांवर पीठ, डोक्याला घट्ट बांधलेला फडका, आणि त्या पांढऱ्या चेहऱ्यात दोन डोळे कायम कुणावर तरी वटारलेले. लहान मुलं त्यांना घाबरत. मोठी माणसंही घाबरत, फक्त कबूल करत नसत.

नवरा होता तोवर तो गिरणी चालवी आणि बाई पीठ भरून देत. तो गेला तेव्हा नातेवाईक सांत्वनाला आले आणि जाताजाता गिरणी विकून टाकायचा सल्ला देऊन गेले. एक दीर तर गिऱ्हाईकच बरोबर घेऊन आला होता. बाईंनी त्या गिऱ्हाइकाला पाणी दिलं, त्याचं पिऊन होईपर्यंत थांबल्या आणि मग त्याला दार दाखवलं. दुसऱ्या सकाळी पट्टा त्यांनी स्वतः चढवला. पहिल्या दिवशी पीठ जळलं, दुसऱ्या दिवशी भरड पडली. लोकांनी नावं ठेवली. बाईंनी दगड उघडला, हातोडी-छिन्नी घेऊन त्याला टाकी मारायला बसल्या, बोटं सोलून घेतली आणि शिकल्या. मुलगा मोठा झाला तो लांब पल्ल्याच्या ट्रकवर गेला; घरी येई तो झोपायला आणि कपडे धुऊन न्यायला. त्याचं लग्न झालं, सून घरात आली, आणि लग्नाचे पाहुणे परतायच्या आतच बाईंनी तिला सांगितलं, "उद्यापासून चाळणीकडे तू बघ." सून आधी एका चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. कामात तिचा हात फार सफाईदार होता म्हणतात. तो हात आता पीठ चाळू लागला.

आता गिरणीची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातून घडलं. गिरणी चालू असताना तिथे बोलून काही उपयोग नसे. म्हणून कारभार सगळा हातांनी आणि मानेनं चाले. गिऱ्हाईक दारात येई, डबा उचलून दाखवी. चिमूट चोळली की बारीक, मूठ उघडली की जाड. बाई मान हलवत. त्या मान हलवण्याचा अर्थ एवढाच, की बघितलं तुला, डबा रांगेत ठेव आणि दारातला उजेड अडवू नकोस. ती मान म्हणजे होकार नव्हता. एकदा एका तरुणानं चालू गिरणीत येऊन त्यांची वरची खोली भाड्यानं मागितली. बाईंनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी तो गादी खांद्यावर घेऊन हजर झाला, तेव्हा बाईंनी त्याला गादीसकट परत पाठवलं. गल्ली पोट धरून हसली. तेव्हापासून तिथे कुणी नुसतंच हो-हो करायला लागलं की लोक म्हणत, ही चालू गिरणीतली मान आहे, पट्टा थांबवून विचारा.

गल्लीतल्या पोराटोरांना जे ठाऊक होतं, ते सरकारला ठाऊक नव्हतं.

एका सकाळी नगर कार्यालयाचा शिपाई दारात येऊन उभा राहिला. बाईंनी मान हलवली. त्यानं डबा ठेवला नाही, कारण त्याच्याकडे डबाच नव्हता. तो हातवारे करत राहिला, तेव्हा बाईंनी वैतागून पट्टा उतरवला. गिरणी घरघरत थांबली आणि गल्लीत ती विचित्र शांतता पसरली, जी एरवी फक्त वीज गेल्यावर पसरते. शिपायानं निरोप सांगितला. ही गल्ली आता शांत वस्ती ठरली आहे. शांत वस्तीत यंत्राचा धंदा चालत नाही. महिनाअखेरीस गिरणी बंद करायची.

बाई आधी हसल्या. त्यांना वाटलं हा पत्ता चुकला. मग त्यांनी विचारलं, ठरवलं कुणी? शिपाई म्हणाला, तुम्हीच सगळ्यांनी. साहेब स्वतः घरोघर फिरले, प्रत्येकाची संमती घेतली, एकाचीही हरकत आली नाही.

"मी कधी दिली संमती?"

"साहेब आले होते ना इथे. त्यांनी विचारलं, तुम्ही मान हलवलीत. मी त्यांच्याबरोबरच होतो."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तशाच, पिठानं भरलेल्या, फडकाही न सोडता नगर कार्यालयात गेल्या. रस्त्यानं जाताना लोक बाजूला होत होते. आपलीच गिरणी बंद करायला आपणच कबूल झालो, अशी बातमी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची, यापेक्षा मोठी थट्टा त्यांच्या आयुष्यात कुणी केली नव्हती, आणि दिरानं तर बऱ्याच केल्या होत्या.

साहेब वाईट माणूस नव्हता. हेच तर दुखणं. वाईट माणूस असता तर बाईंनी त्याला शिव्या घालून मन मोकळं केलं असतं. हा खुर्चीतून उठला, बसा म्हणाला, खुर्चीवर सांडलेल्या पिठाकडे त्यानं सभ्यपणे दुर्लक्ष केलं. बाईंनी मानेची रीत समजावून सांगितली. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, हे बाहेरच्या माणसाला कसं कळायचं? हरकत होती तर तेव्हाच बोलायचं होतं.

"पट्टा बंद करा म्हणायचं होतं तुम्ही. माझं ऐकायचंच असतं, तर एवढं सुचलं असतं तुम्हाला."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. कायदा म्हणजे काय, हे ते बाईंना सांगू लागले, आणि ते सांगण्याची त्यांना आवड असावी. प्रत्येक कायद्याला प्रत्येक माणसाचा वेगळा होकार घेत बसलं, तर राज्य चालणार कसं? घरोघर फिरणं हीसुद्धा आमची सौजन्याची गोष्ट. मुळात माणूस इथे राहतो, नळाचं पाणी पितो, आमच्या रस्त्यावरून चालतो, रात्री आमच्या दिव्याखाली घरी येतो, त्यातच त्याची संमती आली. ज्याला पसंत नाही त्यानं दुसरीकडे जावं. कुणी अडवलंय?

बाई ऐकत होत्या. त्यांना वादविवाद करायची सवय नव्हती, भांडायची होती. पण त्या दिवशी त्यांना दोन्ही जमलं.

"पाणी प्यायलं म्हणजे हो म्हटलं? मग नाही म्हणायचं तर काय, तहानेनं मरायचं? आणि दुसरीकडे जायचं म्हणता. दुसरीकडे काय मोकळं रान पडलंय? तिथेही तुमच्यासारखाच एक साहेब बसलेला असेल, आणि मी गावात पाऊल टाकलं की म्हणेल, आलात म्हणजे कबूल झालात. मी जन्माला आले तेव्हा तुमचा नळ इथे होताच. मला कुणी विचारलं नाही, की बाई, हे राज्य चालेल का तुला? आहे ते आहे म्हणा. तुमच्या हातात बळ आहे, तुम्ही करणार, असं म्हणा. मी भांडेन, हरेन, घरी जाईन. पण तुम्हीच हो म्हणालात, असं माझ्या तोंडावर सांगू नका."

साहेब जरा गोरेमोरे झाले. बाहेरच्या बाकावर बसलेली माणसं दारातून डोकावत होती, कारण बाईंचा आवाज भिंतींना जुमानत नसे. शेवटी ते म्हणाले, ठीक आहे, रविवारी मी स्वतः गल्लीत येतो. गिरणी बंद ठेवा. सगळ्यांसमोर विचारतो. कुणीच मनापासून संमती दिली नव्हती असं निघालं, तर हुकूम मागे घेईन.

हा शब्द घेऊन बाई परतल्या आणि त्या संध्याकाळपासून गल्ली पालथी घालू लागल्या. प्रत्येक दारात एकच प्रश्न: तू हो म्हणालास का?

शिंपी म्हणाला, साहेब आले तेव्हा तोंडात टाचण्या होत्या. मी हं केलं. तोंडात टाचण्या असल्या की माणूस हंच करतो. वर ते म्हणाले, गिरणीबाईंनीही मान्य केलंय. मालकीणच कबूल झाल्यावर मी मध्ये कोण? कोपऱ्यावरची म्हातारी मावशी म्हणाली, अगं, असली माणसं दारात आली म्हणजे काहीतरी न्यायलाच येतात. हो म्हटलं की लवकर जातात. निवृत्त शाळामास्तर, ज्यांना गल्लीत बोलण्याचा मान होता, ते मात्र खजील झाले. त्यांना साहेबांनी सांगितलं होतं, बाकी सगळ्यांचं झालंय, फक्त तुमचं राहिलंय. एकट्यानं आडवं जाणं मास्तरांना बरं दिसेना. आता ते म्हणाले, अन्याय आहे हा, उघड अन्याय. रविवारी मी बोलेन, तुम्ही काळजी करू नका.

म्हणजे शिंप्यानं बाईंकडे बघून हो म्हटलं, मास्तरांनी सगळ्यांकडे बघून, आणि बाई तर पिठाकडे बघत होत्या. सगळ्या गल्लीनं मिळून जे ठरवलं, ते गल्लीतल्या एकाही माणसानं ठरवलेलं नव्हतं. असल्या पायावर गोठासुद्धा उभा राहत नाही, आणि हे म्हणे त्यावर कायदा उभा करणार!

घरी आल्यावर सुनेनं ताट वाढलं. बाईंनी जेवताजेवता तिला सगळं सांगितलं, कोण काय म्हणालं, रविवारी साहेबांची कशी जिरेल. सुनेनं मान हलवली.

रविवारी गिरणी बंद होती. बाईंनी फडका धुऊन बांधला होता, चेहराही धुतला होता. त्यांचा खरा रंग पाहून पलीकडच्या घरातलं पोर चक्रावून गेलं. गल्लीत लोक जमले. साहेबांसाठी शिंप्यानं आपली खुर्ची आणली. मास्तर पुढे झाले आणि शब्दाला जागले. आमचं मौन म्हणजे आमची संमती असं गृहीत धरण्यात आलं, असं ते म्हणाले, आणि गृहीत धरणं व विचारणं यांत फरक असतो, हेही म्हणाले. छान बोलले. शिंपी बोलला. मावशीसुद्धा आत जे म्हणत होती तेच बाहेर म्हणाली. बाई कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि त्यांना कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी नियमाप्रमाणे शेवटचं विचारलं. म्हणजे इथे एकाही माणसानं मनापासून संमती दिली नव्हती, असं समजू?

"मी दिली होती," सून म्हणाली.

ती जिन्याच्या पायरीवर उभी होती. सगळ्यांनी माना वळवल्या. तिचा आवाज कसा आहे, हे गल्लीतल्या निम्म्या लोकांना त्या दिवशी कळलं.

"तुम्ही मला जिन्यात भेटलात. म्हणालात, बाई, तुमचं मत काय? मी हो म्हणाले. गिरणीचा विचार करून म्हणाले, असं नाही. या घरात आल्यापासून माझं मत कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं. नाही कसं म्हणणार?"

यातला साहेबांना फक्त पहिला भाग ऐकू आला. त्यांचा चेहरा खुलला. घरातल्याच व्यक्तीची, समजून-उमजून दिलेली संमती, असं ते दोनदा म्हणाले. बाकीच्यांच्या चेहऱ्यावरही सुटल्यासारखं काहीतरी दिसलं. आपलं बोलून झालं होतं, आता निकाल आपल्यामुळे लागला नाही, हे सगळ्यांनाच सोयीचं होतं. बघताबघता गल्ली रिकामी झाली. शिंपी आपली खुर्ची घेऊन गेला.

वर खोलीत जे झालं ते गल्लीनं ऐकलं, कारण ते न ऐकणं शक्यच नव्हतं. घरभेदी म्हणाल्या बाई. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी म्हणाल्या. ज्या घरासाठी मी बोटं सोलली, त्या घरावर तू नांगर फिरवलास. सून ऐकत होती. मग तिनं चष्म्याच्या दुकानाचं नाव काढलं. लग्नानंतरही दुकानदार तिला ये म्हणत होता. बाईंनी उद्यापासून चाळणीकडे बघ म्हटलं, तिनं मान हलवली, आणि तो विषय तिथेच संपला.

"मग तेव्हाच बोलायचं होतंस," बाई ओरडल्या. "हरकत होती तर तोंड नव्हतं तुला?"

आणि त्या थांबल्या. हे वाक्य त्यांचं नव्हतं. याच आठवड्यात त्यांनी ते टेबलापलीकडून ऐकलं होतं, फक्त तिथे ते सभ्य आवाजात होतं.

पण राग असा एका वाक्यानं उतरत नाही, आणि बाईंचा तर नाहीच. दोन्ही रागांची आता सरमिसळ झाली. साहेबांवरचा राग सुनेवर निघे, सुनेवरचा चाळणीवर, आणि स्वतःवरचा कुठेच काढता येईना. काही दिवस घरात भांडीच बोलत होती. मग एका दुपारी, शेवटची दळणं चालू असताना, बाईंनी पट्टा उतरवला. डबे रांगेत पडले होते, दारात गिऱ्हाइकं उभी होती. बाई सुनेकडे वळल्या आणि त्यांनी विचारलं, तुला काय हवंय? चारचौघांत असं विचारायची ही जागा नव्हती, पण बाईंना दुसरी जागा ठाऊक नव्हती.

सुनेनं पुष्कळ वेळ घेतला. म्हणाली, माहीत नाही. विचार करून सांगते. बाई "बरं" म्हणाल्या आणि पट्टा पुन्हा चढवला.

महिनाअखेरीस कुलूप लावायला शिपाई एकटाच आला. साहेबांना दुसऱ्या गल्लीत काम होतं. गिरणी बंद होती, डबे परत गेले होते, पट्टा खुंटीला टांगलेला. गल्लीतली सगळी माणसं दारा-खिडक्यांत उभी होती. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात म्हणतात. इथे सुपातले हसत नव्हते एवढंच, पण सुपाबाहेरही कुणी येत नव्हतं. शिपायानं दार ओढलं, कुलूप घातलं, कुलपाला कापड गुंडाळून दोरी आवळली, आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, कुणाची काही हरकत?

"माझी आहे," बाई म्हणाल्या. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. आज गिरणी चालू नव्हती, मान हलली नव्हती, शब्द स्वच्छ होता.

शिपायानं ऐकलं, मान हलवली आणि पिशवीतून लाखेची कांडी काढली. त्या हरकतीचं काय करायचं हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. विचारायचं एवढंच सांगितलं होतं.

लाख वितळवून गाठीवर ओतायची आणि तिच्यावर शिक्का उठवायचा, म्हणजे हुकूम पुरा. शिपायानं खिसे चाचपले. काडेपेटी नव्हती. तो ओशाळून हसला आणि जवळ उभ्या असलेल्या सुनेला म्हणाला, ताई, जरा काडेपेटी देता?

"नाही," सून म्हणाली.

"संपलीय का?"

"आहे. देणार नाही."

शिपायाला कळेना. त्याच्या आख्ख्या नोकरीत लोक रडले होते, पाया पडले होते, शिव्याही घालून गेले होते, पण काडेपेटी कुणी नाकारली नव्हती. त्यानं समजावलं, यात माझं काय, मी हुकमाचा ताबेदार. सून म्हणाली, माहीत आहे. मला ही गिरणी नको आहे, कदाचित. पण तिला कुलूप लावायला मी आग देणार नाही. हे मी विचार करून सांगते आहे.



शिपाई हातात लाखेची कांडी घेऊन गल्लीच्या मधोमध उभा राहिला. सगळं सरकार त्या घटकेला त्याच्यापाशी होतं. हुकूम होता, कुलूप होतं, दोरी होती, शिक्का होता. एक काडी तेवढी नव्हती. कुणी काही केलं नसतं, नुसतं आपापल्या दारात उभं राहिलं असतं, तरी त्याला तसंच परत जावं लागलं असतं. निदान त्या दिवसापुरतं. त्यानं वर बघून, कुणालाच उद्देशून नाही असं विचारलं, काडेपेटी मिळेल का कुणाकडे?

 मग मास्तर आपल्या ओट्यावरून खाली उतरले आणि खिशातून काडेपेटी काढून त्याच्या हातात दिली.

लाख वितळली, टपटपली, शिक्का उठला. शिपायानं काडेपेटी परत केली आणि आभार मानले. मास्तर "असू दे, असू दे" म्हणाले. गल्लीत जळक्या लाखेचा वास पसरला होता. बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या नाहीत, त्यामुळे मास्तर जास्तच घाबरले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मी काही गिरणी बंद करायला दिली नाही," ते म्हणाले. "त्यानं मागितली, मी दिली. कुणी काडेपेटी मागितली तर नाही कसं म्हणायचं?"

"तिनं म्हटलं तसं," बाई म्हणाल्या, आणि सुनेकडे बोट दाखवलं.